तेल, वायू आणि कोळसा किती वर्षे पुरेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोलचे दर वाढले, आखातात युद्धाची ठिणगी पडली किंवा मुलांना शाळेत ऊर्जेवर प्रकल्प करायचा असला, की एक प्रश्न हमखास निघतो: हे सगळे संपणार कधी? उत्तरादाखल बहुधा एक आकडा सांगितला जातो आणि तो जणू पंचांगात छापलेली तिथी असावी तसा लक्षात राहतो. हा आकडा कसा निघतो, तो दर काही वर्षांनी का बदलतो आणि त्याच्या भरवशावर किती ठरवता येते, हे पुढे मांडले आहे.

जगातील खनिज इंधने नेमकी किती वर्षे पुरतील?

सर्वाधिक वापरले जाणारे आकडे २०२० च्या अखेरचे आहेत. त्यांनुसार जगातील खनिज तेलाचे सिद्ध साठे सुमारे १,७३२ अब्ज बॅरल, नैसर्गिक वायूचे सुमारे १८८ लाख कोटी घनमीटर आणि दगडी कोळशाचे सुमारे १,०७४ अब्ज टन होते. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी आणि एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर.) त्या वर्षीच्या उत्पादनाने या साठ्यांना भागले, की तेल ५३ वर्षे, वायू ४९ वर्षे आणि कोळसा १३९ वर्षे पुरेल असे उत्तर येते.

मात्र २०२० हे टाळेबंदीचे वर्ष होते. विमाने धावपट्टीवर उभी होती, कारखाने बंद होते आणि जगाने नेहमीपेक्षा कमी इंधन जाळले. आता जग वर्षाला सुमारे ३५ अब्ज बॅरल तेल, चार लाख कोटी घनमीटरहून थोडा अधिक वायू आणि नऊ अब्ज टनांच्या आसपास कोळसा काढते. साठे तेच धरून या नव्या आकड्यांनी भागल्यास तेल ५० वर्षांवर, वायू ४६ वर्षांवर आणि कोळसा १२० वर्षांवर येतो. साठ्यात एका टनाचाही फरक न धरता, नुसता भाजक बदलल्याने कोळशाचे आयुष्य वीस वर्षांनी घटले, ही गोष्ट पुढची सर्व उत्तरे वाचताना ध्यानात ठेवावी.

म्हणजे ५० वर्षांनी तेल संपेल असे समजायचे का?

नाही. घरातल्या गॅस सिलिंडरशी तुलना केली तर का ते कळेल. सिलिंडर ओल्या फडक्याने पुसला, की ज्या भागात द्रवरूप गॅस आहे तिथला ओलावा उशिरा वाळतो, त्यामुळे पातळी दिसते आणि अजून किती दिवस निघतील याचा अंदाज घरातल्या माणसाला बऱ्यापैकी अचूक बांधता येतो. हा अंदाज जमतो, कारण सिलिंडर बंद आहे, आतला गॅस शेवटपर्यंत सारख्याच सहजतेने निघतो आणि रोजचा स्वयंपाक साधारण ठरलेला असतो. जमिनीखालच्या तेलाच्या बाबतीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट खरी नाही.

भूगर्भात तेलाचे तळे नसते. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली असलेल्या मुंबई हाय क्षेत्रातले तेल मुख्यतः चुनखडीच्या थरांत आहे. अशा थरातून कापून काढलेला दगडाचा दंडगोल हातात घेतला, तर तो पायरीच्या दगडासारखा घट्ट आणि जड लागतो. भिंगाखाली धरल्यावर त्यातली छिद्रे दिसू लागतात, काही टाचणीच्या टोकाएवढी आणि बरीचशी त्याहूनही बारीक, आणि तेल असते ते या छिद्रांत, दगडाला चिकटून. विहीर खोदली की सुरुवातीला थरातला नैसर्गिक दाब तेलाला वर ढकलतो. तो दाब ओसरला की बाजूच्या विहिरींतून पाणी सोडून तेल पुढे रेटावे लागते, आणि काही वर्षांनी तेच पाणी तेलाबरोबर वर येऊ लागते. दर वर्षी पाण्याचे प्रमाण वाढते, तेलाचे घटते, आणि शेवटी वर येणाऱ्या तेलाची किंमत पंप चालवण्याच्या खर्चाइतकीही भरत नाही. त्या दिवशी विहीर बंद केली जाते. जगाचा सरासरी हिशेब पाहिला तर थरातले जेमतेम एक-तृतीयांश तेल बाहेर येते. संपली म्हणून बुजवलेल्या विहिरीखाली निघालेल्या तेलाच्या सुमारे दुप्पट तेल दगडात तसेच राहिलेले असते.

म्हणून पन्नासाव्या वर्षापर्यंत नळ पूर्ण धारेने वाहील आणि एक्कावन्नाव्या वर्षी कोरडा पडेल, असे चित्र मनात असेल तर ते काढून टाकावे. धार आधी बारीक होते, महाग होते, आणि मग दीर्घकाळ ठिबकत राहते.

चाळीस वर्षांपूर्वीही ‘तीस वर्षांचेच तेल उरले’ असे सांगत होते. ते खोटे होते का?

भागाकार बरोबर होता. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. १९८० मध्ये जगातील सिद्ध तेलसाठे सुमारे ६८० अब्ज बॅरल होते आणि त्या वेळच्या उत्पादनानुसार ते साधारण ३० वर्षे पुरले असते. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत जगाने १,००० अब्ज बॅरलहून अधिक तेल जाळले, म्हणजे होता त्या साठ्याच्या दीडपट, आणि तरीही २०२० मध्ये हिशेबवहीत १,७३२ अब्ज बॅरल शिल्लक दिसले.

काही नवी क्षेत्रे सापडली हे खरे. जुन्या क्षेत्रांतून अधिक तेल काढता येऊ लागले हेही खरे. परंतु वाढीचा मोठा भाग निराळ्याच प्रकारचा आहे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातली डांबरमिश्रित वाळू आणि व्हेनेझुएलाच्या ओरिनोको नदीच्या पट्ट्यातले अतिजड तेल यांचे अस्तित्व अनेक दशके ठाऊक होते. ते काढणे परवडेल असे ठरल्यावर ते साठ्यांत मोजले जाऊ लागले. या दोन ठिकाणांनी मिळून ४०० अब्ज बॅरलहून अधिक भर घातली. अल्बर्टात खाणकामाच्या पद्धतीने एक बॅरल तेल मिळवायला सुमारे दोन टन वाळू उपसावी लागते आणि ती गरम पाण्याने धुवावी लागते. १९४८ मध्ये सौदी अरेबियात सापडलेल्या घवार क्षेत्राचे तेल विहीर पाडताच स्वतःच्या दाबाने वर येत असे. कागदावर दोन्हींची नोंद ‘एक बॅरल’ अशीच होते.

या इतिहासावरून काही लोक उलट टोकाला जातात आणि तेल कधीच संपणार नाही असे म्हणू लागतात. हा निष्कर्ष मला पहिल्याइतकाच चुकीचा आणि अधिक धोक्याचा वाटतो. पारंपरिक तेलाचे सर्वांत मोठे शोध १९६० च्या दशकापर्यंत लागून गेले आहेत, आणि १९८० च्या दशकापासून बहुतेक वर्षी जगाने जितके नवे तेल शोधले त्याहून अधिक जाळले आहे. घवारच्या आकाराचे दुसरे क्षेत्र त्यानंतर सापडलेले नाही.

‘सिद्ध साठा’ म्हणजे नेमके काय?

जमिनीखाली असलेले सारे इंधन म्हणजे साठा नव्हे. थर कोठे आहे हे विहिरी खोदून पक्के कळले आहे, आजच्या तंत्राने ते काढता येते आणि आजच्या भावात काढणे परवडते, या तिन्ही कसोट्यांना उतरणाऱ्या भागालाच सिद्ध साठा म्हणतात. एवढे इंधन निघण्याची शक्यता किमान ९० टक्के असावी, असा तेल उद्योगाचा सर्वसाधारण निकष आहे. बाकीचे सारे ‘संसाधन’ या व्यापक नावाखाली मोडते आणि ते साठ्याच्या कितीतरी पट असते.

तिसऱ्या कसोटीत भाव आहे, म्हणून साठा भावाबरोबर फुगतो आणि आक्रसतो. २०१६ मध्ये तेलाचे भाव पडले तेव्हा एक्सॉनमोबिल या अमेरिकी कंपनीला कॅनडातील तीन अब्ज बॅरलहून अधिक तेल आपल्या सिद्ध साठ्यांतून वजा करावे लागले. वाळू जागच्या जागी होती, तिच्यातले तेलही तेवढेच होते.

निरनिराळे देश जाहीर करतात त्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा?

जपूनच ठेवावा. १९८० च्या दशकात तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने, म्हणजे ओपेकने, सदस्यांना उत्पादनाचे वाटे ठरवून द्यायला सुरुवात केली आणि ज्याचा साठा मोठा त्याचा वाटा मोठा असा विचार पुढे आला. त्यानंतर काही वर्षांतच कुवेत, संयुक्त अरब अमिराती, इराण, इराक आणि शेवटी सौदी अरेबिया या देशांनी आपापले साठे एकदम वाढवून जाहीर केले. काहींनी जवळजवळ दुप्पट, तर अमिरातींनी त्याहूनही अधिक. तेवढे नवे शोध मात्र त्या काळात लागले नव्हते. पुढे यांपैकी काही देशांचे आकडे वर्षानुवर्षे जवळपास तेच राहिले, जरी दरवर्षी अब्जावधी बॅरल तेल उपसले जात होते. कणगीतून रोज धान्य काढावे आणि वहीत शिल्लक तेवढीच लिहावी, असा हा प्रकार आहे.

खासगी कंपन्यांना लेखापरीक्षणाची शिस्त असते, तरी त्याही अपवाद नाहीत. जानेवारी २००४ मध्ये शेल कंपनीने आपल्या सिद्ध साठ्यांपैकी सुमारे एक-पंचमांश साठा त्या व्याख्येत बसत नसल्याचे मान्य केले आणि दोन महिन्यांत कंपनीच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले.

व्हेनेझुएलाचे उदाहरण आणखी बोलके आहे. सुमारे ३०० अब्ज बॅरलसह कागदावर जगातील सर्वांत मोठा तेलसाठा त्या देशाचा आहे, पण २०२० नंतरच्या काळात त्याचे उत्पादन दिवसाला दहा लाख बॅरलच्या आसपास किंवा त्याखाली घुटमळत राहिले. या वेगाने भागले तर साठा आठशेहून अधिक वर्षे पुरेल. त्याचा खरा अर्थ एवढाच, की साठा असणे आणि तो बाहेर काढता येणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

‘तेलाचे शिखर’ ही कल्पना काय होती? ती चुकली का?

अमेरिकी भूशास्त्रज्ञ एम. किंग हबर्ट यांनी १९५६ मध्ये असे मांडले, की कोणत्याही प्रदेशाचे तेल उत्पादन घंटेच्या आकाराच्या वक्राने चढते आणि उतरते, आणि संकट टाकी रिकामी झाल्यावर न येता चढण संपून उतार लागतो तेव्हाच सुरू होते. अमेरिकेचे उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान कळसाला पोहोचेल असा त्यांचा अंदाज होता. अनेकांनी तो हसण्यावारी नेला. १९७० मध्ये अमेरिकेचे उत्पादन दिवसाला सुमारे ९६ लाख बॅरलवर पोहोचले आणि त्यानंतर खरोखरच उतरू लागले. ही उतरण, अलास्कातल्या तेलाने मध्ये थोडी थोपवली तरी, जवळजवळ चार दशके चालली.

मग शेल नावाच्या घट्ट खडकातून, आडव्या विहिरी पाडून आणि उच्च दाबाने पाणी-वाळू सोडून, तेल काढण्याचे तंत्र आले. २०१८ मध्ये अमेरिकेने १९७० चा विक्रम मोडला आणि २०२३ मध्ये दिवसाला सरासरी १२९ लाख बॅरलपर्यंत मजल मारली. हबर्ट यांनी पारंपरिक तेलाबद्दल जे सांगितले ते खरे ठरले. नवे तंत्र आणि चढे भाव मिळून निराळ्याच खडकाला साठ्यात आणतील, हे त्यांच्या वक्रात बसत नव्हते. या शेल विहिरींचे आयुष्यही लहान असते. पहिल्या वर्षातच विहिरीचे उत्पादन निम्म्याहून अधिक घटते, त्यामुळे नुसते आहे त्या जागी राहण्यासाठी सतत नव्या विहिरी पाडत राहावे लागते.

मुंबई हायचे तेल किती वर्षे टिकेल? आणि भारताचा एकूण हिशेब काय आहे?

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे, कारण जगाच्या तेलाची सारी गोष्ट एकाच क्षेत्रात पाहायची असेल तर ते आपल्याच किनाऱ्यासमोर आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात खोदकाम करणाऱ्या मंचाने तिथे तेल शोधले. मुहूर्तही असा, की ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी निर्यातबंदी घातल्यावर तेल काही महिन्यांत बॅरलमागे तीन डॉलरच्या आसपासवरून बारा डॉलरच्या घरात गेले होते आणि भारताची परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले, उरणला प्रक्रिया केंद्र उभे राहिले, आणि ऐंशीच्या दशकात या एका क्षेत्रातून दिवसाला चार लाख बॅरलहून अधिक तेल निघू लागले.

अलीकडे तो आकडा दीड लाखाच्याही खाली आला आहे. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने जानेवारी २०२५ मध्ये उत्पादन सावरण्यासाठी बीपी या कंपनीला तांत्रिक भागीदार म्हणून घेतले. पन्नास वर्षांचे हे क्षेत्र अजून बरीच वर्षे तेल देत राहील, यात शंका घेण्याचे कारण नाही. ते पूर्वीच्या धारेने देणार नाही, इतकेच. मुंबई हाय संपले असे वर्तमानपत्रात कधी छापून येण्याची शक्यता मला कमी वाटते.

देशाचा हिशेब मात्र कठोर आहे. भारताचे सिद्ध तेलसाठे सुमारे साडेचार अब्ज बॅरल आहेत. आपल्या उत्पादनाने भागले तर ते पंधरा-वीस वर्षे पुरतात आणि हाच आकडा अनेकदा छापला जातो. पण भारत दिवसाला पन्नास लाख बॅरलहून अधिक तेल वापरतो. स्वतःच्या वापराने भागले तर उत्तर अडीच वर्षांच्या आत येते. म्हणूनच आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो आणि स्वयंपाकाच्या गॅसपैकीही निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो.

जगात तेल किती वर्षांचे आहे यापेक्षा भारताच्या दृष्टीने दिवसांचा हिशेब महत्त्वाचा आहे. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथल्या खडकांत कोरलेल्या गुहांमध्ये देशाने ५३.३ लाख टन कच्चे तेल साठवण्याची सोय केली आहे; पूर्ण भरल्यास ती सुमारे साडेनऊ दिवसांची गरज भागवते, तेलकंपन्यांचे स्वतःचे साठे वेगळे. दुसरीकडे, जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातो आणि तिची सर्वांत अरुंद रुंदी चाळीस किलोमीटरही नाही. १९७३ चा धडा असा आहे, की टंचाई येण्यासाठी जमिनीखालचे तेल संपावे लागत नाही.

कोळसा शंभर वर्षांहून अधिक पुरणार असेल, तर काळजी कशाची?

पहिली गोष्ट वाढीची. १३९ वर्षे हा आकडा वापर एका टनानेही वाढणार नाही असे गृहीत धरतो. वापर दरवर्षी केवळ दोन टक्क्यांनी वाढला, तर तोच साठा सुमारे ६७ वर्षांत संपतो. चक्रवाढ व्याज ज्या रीतीने कर्ज फुगवते, त्याच रीतीने ते साठा खाते. तेलाचेही तसेच: ५३ वर्षांचा साठा एक टक्का वाढीने ४३ वर्षांवर येतो.

दुसरी गोष्ट प्रतीची आणि जागेची, आणि ती विदर्भात डोळ्यांनी पाहता येते. वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. चंद्रपूरहून घुग्घुसमार्गे वणीकडे जाताना सपाट माथ्याच्या करड्या टेकड्या लागतात. त्या निसर्गाने घडवलेल्या नाहीत. कोळशाच्या थरावरून उपसून काढलेली माती आणि मुरूम तिथे रचला आहे. पावसाळ्यात त्यांच्या उतारांवर खोल घळी पडतात आणि काठचे नाले राखाडी होतात. थर जितका खोल जाईल तितकी एक टन कोळशामागे उपसायची माती वाढते, आणि एका टप्प्यानंतर खुली खाण परवडेनाशी होते. भूमिगत खाणीत छत तोलून धरण्यासाठी कोळशाचेच खांब उभे ठेवावे लागतात, त्यामुळे तिथलाही बराचसा कोळसा आतच राहतो. जो निघतो त्यात राखेचे प्रमाण भारतात बहुधा ३० ते ४५ टक्के असते. म्हणजे चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉट क्षमतेच्या वीजकेंद्राकडे जाणाऱ्या रेल्वेच्या दर तीन वाघिणींतली सुमारे एक, ढोबळ हिशेबाने, राखच वाहून नेत असते. ‘१११ अब्ज टन सिद्ध साठा’ असे भारताबद्दल वाचताना हे सारे त्या आकड्यामागे आहे हे विसरू नये. त्या साठ्याच्या वर गाव, शेत किंवा वाघाचा रस्ता असेल, तर तेही त्या आकड्यात दिसत नाही.

भारताने २०२४-२५ मध्ये एका वर्षात १०० कोटी टन कोळसा उत्पादनाचा टप्पा ओलांडला. या वेगाने १११ अब्ज टनांचा साठा शंभर वर्षांहून थोडा अधिक पुरतो.

तिसरी गोष्ट ब्रिटनची. १८६५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी इशारा दिला होता, की ब्रिटनचे वैभव ज्या कोळशावर उभे आहे तो कोळसा दिवसेंदिवस खोल आणि महाग होत जाईल. १९१३ मध्ये तिथले उत्पादन सुमारे २९ कोटी टनांच्या शिखरावर पोहोचले आणि मग उतरू लागले. शेवटची खोल खाण डिसेंबर २०१५ मध्ये आणि कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. ब्रिटनच्या जमिनीखाली आजही कोळसा आहे. आधी आयात कोळसा आणि तेल, मग उत्तर समुद्रातला वायू आणि शेवटी वारा यांनी त्याची गरज संपवली.

नैसर्गिक वायूचे काय?

वायूचे गणित तेलासारखेच आहे, फरक वाहतुकीचा. रशिया, इराण आणि कतार या तीन देशांकडेच जगातील जवळपास निम्मे साठे आहेत. पाइपलाइन नसेल तर वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून, द्रवरूपात जहाजाने आणावा लागतो. गुजरातमधील दहेज आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ इथे अशी जहाजे उतरवण्याची सोय आहे.

साठ्याचा अंदाज किती फसवा असू शकतो, हे कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या डी-६ क्षेत्राने भारताला शिकवले. बंगालच्या उपसागरात २००२ मध्ये सापडलेल्या या क्षेत्रातून २००९ मध्ये वायू येऊ लागला, २०१० मध्ये दिवसाला सहा कोटी घनमीटरहून अधिक उत्पादन झाले आणि पुढच्या तीन-चार वर्षांतच ते एक-चतुर्थांशाच्या आसपास घसरले. या वायूच्या भरवशावर देशात ठिकठिकाणी वायूवर चालणारी वीजकेंद्रे उभारली गेली होती, आणि त्यांतली बरीच वायूअभावी वर्षानुवर्षे बंद किंवा अर्धवट चालू राहिली. कागदावरच्या साठ्यावर कारखाना चालत नाही, हे सांगायला याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही.

पृथ्वीच्या पोटात नवे तेल तयार होत नाही का?

होते, पण समुद्रतळाशी गाडल्या गेलेल्या सूक्ष्मजीवांचे तेल व्हायला लाखो ते कोट्यवधी वर्षे लागतात. मानवी हिशेबात ती भर शून्यच धरावी.

असलेले सारे इंधन जाळले तर काय होईल?

माझ्या मते या पानावरचा हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो सर्वांत कमी विचारला जातो. एक बॅरल तेल जाळले, की साधारण ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने जगाचे सिद्ध तेलसाठे म्हणजे सुमारे ७४५ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. वायूचे साठे साधारण ३५० अब्ज टनांचे आणि कोळशाचे दोन हजार अब्ज टनांच्या आसपास. तिन्ही मिळून बेरीज तीन हजार अब्ज टनांच्या वर जाते.

आता दुसरा आकडा पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार, तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याची निम्मी तरी शक्यता हवी असेल, तर २०२० च्या आरंभापासून पुढे एकूण ५०० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडण्याची मुभा होती. दोन अंशांसाठी, दोन-तृतीयांश शक्यता धरून, ती १,१५० अब्ज टन होती. जग दरवर्षी ४० अब्ज टनांच्या आसपास सोडते, म्हणजे पहिल्या मुभेतला मोठा भाग संपलाही आहे. साठे तीन हजारांचे आणि मुभा काही शेकड्यांची, असा हा ताळा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासाने दोन अंशांच्या मर्यादेसाठीही एक-तृतीयांश तेल, निम्मा वायू आणि ८० टक्क्यांहून अधिक कोळसा जमिनीतच राहू द्यावा लागेल असे दाखवले होते.

त्यामुळे इंधन आधी संपेल की हवा ते सामावून घेण्याच्या पलीकडे जाईल, या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत स्पष्ट आहे. मर्यादा हवेची आहे, आणि ती फार जवळ आहे. मराठवाड्यात पावसाचा खंड आणि ढगफुटी एकाच हंगामात अनुभवणाऱ्यांना ही मर्यादा परकी वाटू नये.

मग साठे संपण्याआधी मागणीच संपेल का?

काही ठिकाणी तशी सुरुवात झाली आहे. २०२४ मध्ये जगात १.७ कोटींहून अधिक विजेवर चालणाऱ्या मोटारी विकल्या गेल्या, म्हणजे नव्या मोटारींपैकी पाचातली एक, आणि त्यांपैकी बहुसंख्य चीनमध्ये. सौर वीज अनेक देशांत नव्या कोळसा केंद्राच्या विजेहून स्वस्त झाली आहे. परंतु त्याच २०२४ मध्ये जगाने कोळसाही पूर्वी कधी नव्हे इतका जाळला. नवे स्रोत अजून बऱ्याच अंशी वाढीव गरज भागवत आहेत. जुन्याची जागा घेणे सर्वत्र सुरू झालेले नाही. ती जागा किती वेगाने घेतली जाईल, यावर साठ्यांचे भवितव्य भूशास्त्रापेक्षा अधिक अवलंबून आहे. मागणी खरोखर उतरली, तर आज सिद्ध मानला जाणारा बराच साठा भाव पडल्यामुळे साठा उरणारच नाही, आणि ‘किती वर्षे’ या भागाकाराला अर्थच राहणार नाही.

जाळणे थांबले तरी तेल आणि वायू लागतीलच ना?

लागतील, आणि याचा विचार आताच व्हायला हवा. जगातल्या तेलाचा साधारण सातवा हिस्सा प्लास्टिक, कृत्रिम धागे, रंग, औषधे अशा वस्तूंचा कच्चा माल बनवण्यात जातो. रस्त्यावरचे डांबर हा रिफायनरीतला तळाचा गाळ आहे. वायूचे महत्त्व शेतीला अधिक आहे. अलिबागजवळ थळ इथला खत कारखाना १९८० च्या दशकात मुंबई हायच्या वायूवर उभा राहिला. हवेतला नायट्रोजन आणि वायूतला हायड्रोजन यांच्यापासून तिथे अमोनिया बनतो, आणि अमोनियापासून युरिया. तो युरिया पोत्यांत भरून पुढे उसाला, कापसाला आणि गव्हाला पडतो. पाण्याचे विजेने विघटन करून हायड्रोजन मिळवला तर अमोनियाला नैसर्गिक वायू लागत नाही, आणि भारताने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेत खत उद्योगाचाही विचार आहे. सध्या असा हायड्रोजन वायूपासून मिळणाऱ्या हायड्रोजनपेक्षा महाग पडतो. शिवाय युरियासाठी अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि आज तो त्याच वायूतून मिळतो. वायू सोडला तर तो दुसरीकडून आणावा लागेल.